शेवटच्या ओव्हरचा माणूस

"किती पायजेत?"

मैदानावर तो एवढंच बोलायचा. सीमारेषेवरून चालत यायचा. चेंडू घ्यायला पळत आलेलं मी त्याला कधी पाहिलं नाही. चपला बांधावर काढून ठेवलेल्या असायच्या, कारण पायात काही घालून चेंडू टाकणं त्याला जमत नसे. कप्तानाच्या हातातून टेनिसचा चेंडू घेऊन तो अंगठ्यानं दोनदा दाबून बघायचा, बाजारात आपण आंबा बघतो तसा. मग विचारायचा. कप्तान म्हणायचा, "सहा पाहिजेत त्यांना," नाहीतर "नऊ पाहिजेत." तो मान हलवायचा, सहा चेंडू टाकायचा, आणि चपला पायात सरकवून स्टेशनची वाट धरायचा. बक्षीस समारंभ, हार, फोटो, यातल्या कशालाच तो थांबत नसे.

तुमच्यापैकी जे आमच्या पेण-रोह्याकडचे आहेत त्यांना टेनिस क्रिकेटचं वेड काय असतं हे सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. भाताची कापणी झाली की चार शेतांचे बांध मोडून मैदान करतात, चुन्याची रेघ मारतात, मांडव घालतात, आणि माइकवर बसलेला एक जण दिवसभर घसा फोडतो. एकेका डावाला सहा ओव्हर. पाच ओव्हर कुणीही टाकाव्यात, सहावी मात्र ज्याच्या छातीत दम आहे त्यानं टाकावी अशी ही स्पर्धा. आमच्या भागात सहाव्या ओव्हरसाठी माणूस हवा असला की त्याला बोलावत. पार जित्यापासून रोह्याच्या पलीकडपर्यंत. एका ओव्हरसाठी माणूस अर्धा जिल्हा फिरतो हे मला सुरुवातीला हास्यास्पद वाटे.

मी राहायला पेणला, रामवाडीत. नोकरीला रोह्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात, टाइम ऑफिसचा कारकून. हजेरी, रजा, शिफ्ट यांची कार्डं सांभाळायची. मला बॅट कुठून धरतात तेही नीट माहीत नव्हतं, पण अक्षर वळणदार होतं. तेवढ्या पुण्याईवर कंपनीच्या टीमची स्कोअरची वही माझ्याकडे आली, आणि वहीबरोबर मॅनेजरपदही. मॅनेजर म्हणजे टेम्पो ठरवणं, वडापाव आणणं आणि भांडणं सोडवणं.

तो आमच्याकडे टेंपररी हेल्पर होता. खाडीकडच्या एका गावातला, मिठागरात राबलेल्या घरातला. सकाळी मी पेणहून गाडीत बसायचो, तो कासूला चढायचा. डब्यात शिरला की दारापाशी उभा राहायचा. जागा असली तरी बसायचा नाही. मला 'सायब' म्हणायचा आणि त्याच दमात अरे-तुरे करायचा. "सायब, तू बस, मना नाय बसाचा." त्यांच्या बोलीत तसंच असतं. आमच्या ऑफिसातल्या एका पुणेकर अधिकाऱ्याला त्यानं एकदा "तू जेवलास काय?" असं विचारलं, तेव्हा तो गृहस्थ दोन दिवस गोरामोरा होऊन फिरत होता.

त्याची गोलंदाजी काय होती हे मला तांत्रिक भाषेत सांगता येणार नाही. फार वेग नव्हता. चेंडू फलंदाजाच्या पायाच्या अंगठ्याजवळ पडायचा, एवढंच मला दिसायचं. एकदा मी त्याला त्याचं गुपित विचारलं. तो म्हणाला, "मिठागरात पाय कंच्या जागी ठेवायचा ता बगूनच ठेवावा लागते. नायतर मीठ मोडते. तसाच हाय." एवढ्यावर ज्याला काही समजून घ्यायचं असेल त्यानं घ्यावं.

एकदा रोह्याच्या मैदानावर पंचानं त्याच्या शेवटच्या चेंडूला वाइड दिला. आमची सगळी टीम पंचावर धावून गेली. हा मात्र शांतपणे पंचाच्या बाजूनं उभा. "बरोबर हाय त्याचा. भायेर गेलता." त्या दिवशी आम्ही हरलो. टेम्पोत त्याच्याशी कुणी बोललं नाही आणि त्याला ते जाणवलंही नाही. निदान मला तसं वाटलं. माणसं बोलली नाहीत तर काय होतं, हे त्याला आणि मला दोघांनाही पुढे कळायचं होतं.

आता मला जे सांगायचं आहे त्याकडे येतो. ते सांगताना मला अजूनही बरं वाटत नाही, म्हणून इतका वेळ इकडचं तिकडचं बोलत बसलो.

पेणजवळच्या एका मैदानावर ओपन स्पर्धा होती. ओपन म्हणजे कुणीही कुठल्याही टीममधून खेळावं. याच्या उलट 'गाववाईज' स्पर्धा असते, तिथे ज्या गावाची टीम त्याच गावची पोरं लागतात. तर त्या ओपन स्पर्धेत आमची कंपनी फायनलला गेली आणि समोर आली ती याच्या गावाची टीम. सकाळीच तो माझ्याकडे आला.

"सायब, आज मना भायेर ठेव."

"का रे? दुखतंय का काही?"

"माझ्या गावाचे हायेत ते."

मला हसू आलं. मी पेणच्या गल्लीत वाढलेला माणूस. माझ्या शेजाऱ्याला माझं नाव नीट माहीत नसे आणि मला त्याचं. मी म्हणालो, "अरे, हा खेळ आहे. कुणाचं लग्न नाही मोडत." आणि वर आणखी एक वाक्य जोडलं, ते माझ्या छातीवर आजही बसलेलं आहे. "मोठे साहेब स्वतः बघायला आलेत. पर्मनंटच्या यादीवर त्यांची सही व्हायची आहे. तू बघ."

त्यानं बघितलं. त्याच्या गावाला शेवटच्या ओव्हरमध्ये पाच हवे होते. त्यानं दोन दिले. नेहमीसारखाच चपला घालून तो निघाला, पण त्या दिवशी स्टेशनकडे न जाता मैदानाच्या कडेला बसलेल्या त्याच्या गावच्या माणसांकडे गेला. ती माणसं उठून टेम्पोत चढत होती. त्याच्यासाठी कुणी थांबलं नाही.

महिन्याभरात तो पर्मनंट झाला. त्याच महिन्यात गावकीची बैठक देवळात बसली आणि त्याला वाळीत टाकलं.

वाळीत टाकणं हा शब्द मी वर्तमानपत्रात वाचला होता. तो प्रत्यक्षात कसा असतो ते मला स्टेशनवर कळलं. एका सुट्टीच्या दिवशी सकाळी मी पेण स्टेशनवर कुणाला तरी आणायला गेलो होतो. रोह्याकडून आलेल्या गाडीतून हा उतरला, खांद्यावर तांदळाची गोणी. मी चेष्टेनं म्हटलं, "काय रे, गोलंदाजी सोडून हमाली सुरू केलीस?" तो म्हणाला, "दलन हाय." गावातल्या गिरणीत याचं दळण घेत नाहीत, म्हणून पिठासाठी तांदूळ घेऊन तो कासूहून पेणला आला होता. दळून झालं की तीच गोणी घेऊन परत. दुकानात सामान देत नाहीत. नळावर त्याची बायको गेली की बाकीच्या बाया कळशा उचलून बाजूला होतात. त्याच्याशी बोलेल त्याला दंड. त्याचा सख्खा धाकटा भाऊ एकाच घराच्या दुसऱ्या भागात राहायचा. त्यानं पडवीत मधोमध कुडाची भिंत घातली आणि बोलणं बंद केलं.

"आणि तू काय केलंस?" मी विचारलं.

"काय करायचा? त्याला पोराबालांना घेऊन तितंच रावायचा हाय."

भावाबद्दल यापेक्षा कडू शब्द मी त्याच्या तोंडून ऐकला नाही. माझ्याबद्दल तर एकही नाही. एखादी शिवी दिली असती तर मला झोप लागली असती.

त्या गणपतीत मी त्याच्या घरी गेलो. मूर्ती पेणहून आणलेली, लहानशी, पण मखर मोठं देखणं केलं होतं. दुपारची आरती सुरू झाली. तो, त्याची बायको, म्हातारी आई आणि मी. चार माणसांच्या टाळ्यांचा आवाज किती होणार? कुडापलीकडून भावाच्या घरातली भांडी वाजत होती. आरतीच्या मध्येच तिकडे एका लहान पोरानं टाळी धरली आणि त्याला कुणीतरी दटावलं. आरती संपल्यावर वहिनींनी प्रसादाचं ताट आणलं. निदान तीस माणसांना पुरेल एवढे मोदक होते.

"एवढे कशाला केलेत वहिनी?"

त्या म्हणाल्या, "हात बसलाय ओ भाऊजी. आलीच लोका तर कमी नको पराया." त्यांनी डबा भरून मला दिला. पेणला पोहोचेपर्यंत तो डबा माझ्या मांडीवर गरम होता, आणि आमच्या घरी तो उघडायची मला लाज वाटली.

शेवटी मी गावच्या पंचांकडे गेलो. गावकीचे मुख्य म्हणजे साठीचे, स्वच्छ धोतरातले गृहस्थ. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला, माझ्या मुलाबाळांची चौकशी केली. मी सांगितलं की त्या दिवशी त्याला खेळायचं नव्हतं, मी त्याला भाग पाडलं, दोष माझा आहे. पंचांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग त्यानं यवढाच बोलाचा," ते म्हणाले. "देवलात येऊन नारल ठेवाचा आनि बोलाचा, कंपनीच्या सायबानं मना करायला लावला. गाव मोटा हाय. घेल त्याला."

मला आनंद झाला. मी दुसऱ्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीत त्याला गाठलं आणि म्हटलं, "माझं नाव घे. खुशाल घे. हवं तर मी बाजूला उभा राहतो, मला जोडे मारू देत."

"सायब, तू बोललास ता खरा हाय," तो म्हणाला. "पन चेंडू माझ्या हातात होता."

मी खूप बडबड केली. आईचा विचार कर म्हणालो, बायकोचा कर म्हणालो. रागानं 'हट्टी गाढवा' असंही म्हणालो. तो गाडीच्या दारात उभा राहून बाहेर बघत होता. कासू आलं, तो उतरला. उतरताना म्हणाला, "यवढा नको घेऊ डोक्याला." म्हणजे माझीच समजूत काढून गेला. दुसऱ्यांनी घोळ घालून ठेवलेले सामने आयुष्यभर निस्तरले त्यानं, पण स्वतःचा एक चेंडू दुसऱ्याच्या नावावर टाकायला तयार होईना.

अशी चार वर्षं गेली. या काळात त्याचं नाव आणखी झालं. रविवार आला की कुठल्या ना कुठल्या गावाची गाडी कारखान्याच्या गेटवर आदल्या दिवशी निरोप ठेवून जायची. शंभर गावांना तो हवा होता. तिथली माणसं त्याला 'दादूस' म्हणत, पाठीवर थाप मारत. ओव्हर संपली की तो तिथून निघायचा आणि ज्या गावात त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं तिथे जाऊन झोपायचा. मी त्याला पेणला खोली बघून देतो म्हणालो. आई यायला तयार नव्हती. तिचं म्हणणं, आपण गेलो तर आपण होऊन गेलो असं होईल. आपण इथंच दिसलं पाहिजे. कंपनीनं गुजरातेतल्या नव्या कारखान्यात बदलीसाठी नावं मागवली, तेव्हाही त्यानं नाव दिलं नाही. खांदाही आता दुखायला लागला होता. शिफ्टवर असताना तो डाव्या हातानं पाना फिरवायचा.

चौथ्या वर्षी, शिमगा उलटून गेल्यावर, एका शुक्रवारी गेटवर तीन पोरं आली. त्याच्या गावची. मी खिडकीत होतो, वॉचमननं मला हाक मारली. गावात त्याच्याशी बोलायची सोय नव्हती, म्हणून ती गाडीत बसून रोह्यापर्यंत आली होती. गावाबाहेर, पंचांच्या नजरेआड, बोललं तर दंड बसत नसे. त्यांतला एक टीमचा कप्तान, पंचांचाच मुलगा. गाववाईज स्पर्धेत त्यांचं गाव पहिल्यांदाच फायनलला गेलं होतं आणि त्यांचा शेवटच्या ओव्हरचा पोरगा स्कूटरवरून पडून हात मोडून बसला होता.

हा आतून आला, हात पुसत. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग कप्तान म्हणाला, "दादूस, आयतवारी येशील काय?"

चार वर्षांनी त्याच्या गावच्या माणसानं त्याला हाक मारली होती. त्याचा चेहरा मी खिडकीतून बघत होतो. त्यानं फक्त विचारलं, "किती वाजता?"

पोरं गेल्यावर मी बाहेर आलो. "अरे, आधी विचार तरी करायचास. गावात घेणार का ते विचार, मग हो म्हण. आत्ता गरज त्यांना आहे."

"गावाला अट घालू?" त्यानं मला असं विचारलं, जणू मी त्याला आईकडून पावती घ्यायला सांगत होतो. "पंचाचा पोर आलाय सायब. बापाला इचारल्याबिगर येल काय?"

मला वाटलं, बरोबर आहे. टाइम ऑफिसच्या माणसाला कळायला हवं होतं की कार्डावर सही झाल्याशिवाय हजेरी लागत नाही, आणि सही करणारा कोण हे आधी बघायचं असतं. पण मलाही ते खरं वाटावंसं वाटत होतं.

शनिवारी संध्याकाळच्या गाडीत तो बसला. खरोखर बसला, माझ्या शेजारी. रोह्याच्या बाजारातून त्यानं पेढे घेतले होते, देवळात ठेवायला. पुडा मांडीवर धरून तो कासू येईपर्यंत बोलत होता. मी चार वर्षांत ऐकलं नाही एवढं त्या पाऊण तासात ऐकलं. गावाच्या तळ्यात तो पोहायला कसा शिकला, पंचांनीच त्याला पहिला चेंडू कसा आणून दिला होता, भावाला लहानपणी खांद्यावर घेऊन तो जत्रेला कसा जायचा. म्हणाला, "आईनं सकालपासून आंगन सारवलाय. बोलते, लोका येतील." उतरताना मला म्हणाला, "तू येशील ना उंद्या?" येतोस का, असं त्यानं मला पूर्वी कधी विचारलं नव्हतं.

मी गेलो. शेजारच्या गावाचं मैदान होतं, दुपारचं ऊन. त्याचं अख्खं गाव मांडवाच्या एका बाजूला बसलेलं. गावकीचे पंच पहिल्या रांगेत खुर्चीवर. हा सीमारेषेवर उभा, लांब, नेहमीच्या जागी. त्याच्याकडे चेंडू गेला की तो फेकायचा. झेलणारा झेलायचा आणि तोंड फिरवायचा. मला वाटलं, खेळाच्या तंद्रीत असतील.

समोरच्या गावाला शेवटच्या ओव्हरमध्ये सात हवे होते. हा चालत आला. कप्तानानं चेंडू दिला. यानं तो दाबून बघितला आणि विचारलं, "किती पायजेत?" कप्तानानं मांडवाकडे एकदा पाहिलं आणि तोंडानं न बोलता सात बोटं दाखवली.

तेव्हा मला कळलं. त्याला कळलं की नाही ते मी सांगू शकत नाही. त्यानं मान हलवली आणि तो मागे गेला.

पहिला चेंडू फलंदाजाला दिसलाच नाही. दुसऱ्यावर एक धाव. तिसरा खांदा दुखावल्यामुळे असेल, थोडा वर पडला, दोन धावा गेल्या. मांडवातून कुणीतरी ओरडलं, ते कुणाला उद्देशून होतं कोण जाणे. चौथा रिकामा. पाचव्यावर एक. शेवटच्या चेंडूवर तीन हव्या होत्या. माइकवाला चक्क गप्प बसला होता. हा धावत आला, अनवाणी, आणि चेंडू तिथे पडला जिथे तो नेहमी पडायचा. फलंदाजानं बॅट आपटली, चेंडू तिच्याखाली अडकून जागेवरच राहिला.

सगळं गाव मैदानात धावलं. ढोल सुरू झाला. पोरांनी कप्तानाला उचललं, यष्टिरक्षकाला उचललं. हा त्या गर्दीच्या मधोमध उभा होता आणि माणसं त्याच्या दोन्ही बाजूंनी पळत होती. एकाही माणसाचा धक्कासुद्धा त्याला लागला नाही. पंच उठले, उपरणं झटकलं आणि जीपकडे चालू लागले.

मग टेम्पो भरायला लागला. चषक घेऊन आधी देवळात जायचं होतं. यानं बांधावरच्या चपला घातल्या, पिशवी उचलली, पेढ्यांचा पुडा वर काढून हातात घेतला आणि टेम्पोच्या फाळक्यावर एक पाय ठेवला. कप्तान वर उभा होता. तो खाली वाकला. पोरगा वाईट नव्हता, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं हे मी पाहिलं आहे.

"दादूस, तू चालत ये," तो हळू म्हणाला. "मंडली बसनार हाय देवलात. बैठक नाय झाली आजून."

"कवा हाय बैठक?"

"बगू."

यानं पाय खाली घेतला. टेम्पो गेला.

मी त्याच्याकडे बघू शकलो नाही, म्हणून मांडवात गेलो. स्कोअरची वही टेबलावर उघडी पडली होती. सवयीनं मी वाकून बघितलं. सहाव्या ओव्हरचे सगळे चेंडू नीट लिहिलेले होते. गोलंदाजाच्या नावाची जागा मोकळी होती. स्कोअरर त्यांच्याच गावचा, माझ्यासारखाच कुणीतरी कारकून असावा. माझी नजर बघून तो म्हणाला, "नाव मंग टाकू, सायब. बैठक झाली का."

आम्ही दोघं खाडीच्या बांधावरून चालत निघालो. भरती लागली होती. लांबून ढोल ऐकू येत होता. बराच वेळ गेल्यावर त्यानं विचारलं, "वहीत बरोबर लिवलाय ना? चारच गेल्या माझ्या."

"बरोबर लिहिलंय," मी म्हणालो.

"नाव?"

"तेही."

"हां," तो म्हणाला, आणि त्याला बरं वाटलं. आयुष्यात मी पुष्कळ खोट्या हजेऱ्या पकडल्या, एक लावली ती ही.

घरी आई सारवलेल्या अंगणात उभी होती. रांगोळी काढलेली. वहिनी नवं लुगडं नेसून दारात आल्या. दोघींनीही आधी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या मागे, वाटेवर. वाटेवर फक्त मी होतो. "जिकलो गो," तो बायकोला म्हणाला. आईनं पुड्याकडे पाहिलं. पेढे आम्ही चौघांनी खाल्ले.

बैठक झाली नाही. पावसाळा लागला, आई गेली. कारखान्यातली आम्ही माणसं पोहोचलो तेव्हा तो आणि त्याची बायको आईपाशी बसले होते आणि अंगणात कुणी नव्हतं. दिवसकार्य उरकल्यावर त्यानं माझ्या खिडकीत बदलीचा अर्ज आणून दिला. मी तो घेतला, शिक्का मारला आणि आत पाठवला. त्यानंतर कासूला गाडी थांबली की दारात दुसरीच माणसं चढायची. मी आपला तिकडे न बघण्याचा प्रयत्न करायचो, पण नजर जायचीच.

पहिली काही वर्षं दिवाळीला पत्र यायचं, दोन ओळींचं, दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलेलं. तिकडे टेनिस क्रिकेट नाही, असं एकात होतं. गेल्या वर्षी वहिनींचा फोन आला. तो गेला होता, रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती. शेवटी शेवटी त्याला उजवा हात वर नेता येत नसे. त्या रडल्या नाहीत. मी म्हणालो, "वहिनी, मला त्याच्यावर लिहायचं आहे. सगळं लिहीन म्हणतो, त्या फायनलचं, त्या ओव्हरचं."

त्या म्हणाल्या, "लिवा भाऊजी. पन नाव नका टाकू. दीर आजून गावातच हाय. त्याच्या नातवंडांना कशाला तरास."

मी बरं म्हणालो. त्या मांडवातल्या स्कोअररला मी इतकी वर्षं मनातल्या मनात शिव्या देत आलो होतो. आता लेख लिहून झाला आहे, पुन्हा एकदा वाचून पाहिला. सगळे चेंडू नीट लिहिले आहेत, आणि त्याच्या नावाची जागा मीही मोकळीच सोडली आहे.